१९९१ नंतर सरकार खरंच मागं सरलं का?

विहंग_ठाणे (धागाकर्ता)
मंडळी, दरवर्षी जुलै आला की ९१ च्या सुधारणांवर लेखांचा पाऊस पडतो आणि सगळ्यांत तीच गोष्ट असते. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले, सोनं गहाण पडलं, नरसिंह राव आणि मनमोहन सिंगांनी २४ जुलैला लायसन्स राज मोडलं आणि सरकार मागं सरलं. पहिल्या तीन गोष्टी कबूल. चौथी मला पटत नाही.

माझा जन्मच ९२ चा, त्यामुळे 'आधीचं' मी काही पाहिलेलं नाही, पण मागं सरलेलं सरकार असं असतं? आधार, पॅन, जीएसटी, रेरा, घरच्या गॅसची सबसिडी, गावी आजीच्या खात्यात येणारे शेतकरी सन्मानचे दोन हजार. उठल्यापासून झोपेपर्यंत सरकारच की. केंद्र आणि राज्यं मिळून जेवढा खर्च करतात तो तेव्हाही जीडीपीच्या पाव भागाच्या आसपास होता आणि आजही त्याच घरात आहे, झाला तर थोडा जास्तच. मग बदललं काय? संकटाने गळा धरला म्हणून केलेल्या सुधारणांनी देशाच्या सरकारचं काम मुळातून बदलतं, की फक्त वरचा रंग? ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी लिहा. पुस्तकी नको, काय दिसलं ते सांगा. आणि पक्षांची धुणी कृपया इथे धुवू नका.

आगाऊ_कार्टा
शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. रुमाल टाकून ठेवतोय, पॉपकॉर्न घेऊन येतो.

भोसरीचा_लेथ
मी सांगतो. वडिलांचं भोसरीला छोटं युनिट होतं, गाड्यांचे पार्ट करायचे, मी कॉलेज सुटलं की तिथेच. लघुउद्योगाला मोठ्या कारखान्यांसारखं लायसन्स लागायचं नाही हे खरं, पण स्टीलचा कोटा लागायचा, आणि कोटा किती ते तुमच्याकडे मशिनं किती, शिफ्ट किती यावर सरकारी माणूस येऊन ठरवणार. त्यामुळे लोक बंद पडलेली मशिनंसुद्धा तेल लावून उभी करायचे. पाहणीच्या दिवशी आमच्याकडे एक गंजका मिलिंग मशीन चकाचक पुसलेला असायचा, त्याला मोटरच नव्हती.

परदेशी ग्राइंडिंग व्हील पाहिजे असेल तर अर्ज, कार्बन पेपर घालून केलेल्या प्रती, सीएचं सर्टिफिकेट, आणि वर 'हा माल देशात बनत नाही' असा दाखला. तो मागितला की दिल्लीहून उत्तर यायचं, की अमुक कारखाना असंच काहीतरी बनवतो, त्यांच्याकडून घ्या. त्या कारखान्याला विचारलं तर आठ महिन्यांनी देतो म्हणायचे. शेवटी वडील मुंबईत निर्यातदारांकडून प्रीमियम देऊन आरईपी लायसन्स विकत घ्यायचे, म्हणजे आयातीचा हक्कच बाजारात विकला जायचा आणि हे सगळं कायदेशीर बरं का.

आणि मोठ्यांचं काय, मंजूर क्षमतेपेक्षा जास्त माल काढला तर शाबासकी नाही, नोटीस. लोक स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, डॉलरमध्ये बुकिंग केलं तर लवकर मिळायची, आणि ज्याचा नंबर लागला तो ती शोरूमच्या दारातच जास्त पैशाला विकायचा.

हे दोन-तीन वर्षांत गेलं. खरंच गेलं. ९३ नंतर आम्ही बँकेत जायचो, एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र, उघडायचो, माल यायचा. म्हणून विहंग, किती टक्के खर्च होतो त्यावरून सरकारचं काम मोजू नकोस. परवानगी देण्याचा हक्क कुणाकडे होता आणि तो गेला का ते बघ. मला विचारशील तर मुळातून बदललं.

झेलम_एक्स्प्रेस
मोटर नसलेला मिलिंग मशीन _/\_

रोखेबाज
लेथदादांशी सहमत, आणि त्यात एक भर घालतो कारण यावर कुणी लेख लिहीत नाही. त्या वेळी बँकेत १०० रुपये ठेव आली की ३८.५० रुपये एसएलआर म्हणून मुख्यतः सरकारी रोख्यांत आणि १५ रुपये सीआरआर म्हणून रिझर्व्ह बँकेकडे जायचे. म्हणजे निम्म्याहून जास्त पैशाचं काय करायचं ते बँकेच्या हातात नाहीच. उरलेल्यातला ४० टक्के हिस्सा प्राधान्य क्षेत्राला. बँक मॅनेजर हा एका अर्थी कोषागारातला कारकून होता (मॅनेजर मंडळींनी दिवे घ्या).

आणि याच्याहून मोठी गोष्ट. केंद्राला तूट पडली की अ‍ॅड हॉक ट्रेझरी बिलं काढायची आणि रिझर्व्ह बँकेने आपोआप पैसे द्यायचे, ही सोय १९५५ पासून होती. संसदेत चर्चा नाही, बाजाराचा दर नाही, काही नाही. ९४ ला सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला आणि एप्रिल ९७ पासून ही सोय बंद झाली. सरकारला पैसे पाहिजेत तर बाजारात या, व्याज द्या. पुढे २००३ ला वित्तीय शिस्तीचा कायदा आला, तो किती वेळा पुढे ढकलला ते सोडा. पण नोटा छापायचा रिमोट हातातून काढून ठेवणं याला मी वरचा रंग नाही म्हणणार. श्रीलंकेने २०२२ च्या दिवाळखोरीनंतर २०२३ ला मध्यवर्ती बँकेचा नवा कायदा केला त्यातसुद्धा हेच कलम पहिलं चर्चेत होतं.

आगाऊ_कार्टा
रोखेबाज, सोपं करून सांगा ना. म्हणजे आधी सरकार बापाच्या खिशातून घ्यायचं आणि आता ईएमआयवर घेतं?

रोखेबाज
घे, तुझ्या भाषेत तसंच.

निवांत_पेन्शनर
चर्चा चांगली चालली आहे. मंत्रालयात वित्त विभागात बरीच वर्षं काढली म्हणून दोन शब्द. मला धाग्याच्या शीर्षकातच एक गडबड दिसते. संकट आलं की सरकार मागं सरतं हे आपण धरून चाललो आहोत. तसा नियम नाही.

६ जून १९६६ आठवा. दुष्काळ, ६५ चं युद्ध, परकीय मदत थांबलेली. रुपया एका रात्रीत डॉलरला ४.७६ वरून ७.५० केला, आयात थोडी मोकळी केली, आणि त्या बदल्यात जी मदत येणार होती ती अपेक्षेएवढी आलीच नाही. मग काय झालं? सगळं उलट फिरलं. ६९ ला १४ बँका सरकारकडे, त्याच वर्षी मोठ्या उद्योगसमूहांना वेसण घालणारा एमआरटीपी कायदा, ७३ ला परकीय चलनावर बंधनं घालणारा फेरा. संकट परकीय चलनाचंच, पण सरकार दुप्पट पसरलं. त्यामुळे ९१ मध्ये जे झालं ते संकटाने केलं हे अर्धसत्य आहे.

दुसरं, संकट नसतानाही सरकार मागं सरतं. सिमेंटचं परमिट तहसीलदाराकडून घ्यावं लागायचं, घर बांधायचं म्हणजे आधी ओळख काढायची. त्या सिमेंटवरून आपल्या राज्यात मुख्यमंत्री गेले, जानेवारी ८२ ला, आणि त्याच वर्षी सिमेंट अर्धं मोकळं झालं, ८९ ला पूर्ण. नाणेनिधी नाही, सोनं नाही. आणि ८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढू दिली. 'शिक्षण देणं हे सरकारचं काम' यातून महाराष्ट्र सरकारने अंग काढून घेतलं ते ९१ च्या आठ वर्षं आधी.

झेलम_एक्स्प्रेस
काका, मग ९१ चं का टिकलं? ६६ चं का नाही टिकलं?

निवांत_पेन्शनर
माझं मत सांगतो. ६६ ला बाहेरच्यांनी सांगितलं म्हणून केलं असं सगळ्यांना वाटलं आणि पाठोपाठ निवडणूक होती. ९१ ला नाणेनिधी होताच, जानेवारीत एक कर्ज आणि मग वर्षअखेरीस सुमारे २.२ अब्ज डॉलरचं दुसरं, अटींसह. पण कागद आधीच तयार होते. ९० मध्येच सरकारातले अर्थतज्ज्ञ माँटेक सिंग यांचं सुधारणांवरचं टिपण सचिवांत फिरलेलं होतं. रावांनी उद्योग खातं स्वतःकडे ठेवलं आणि औद्योगिक धोरण अर्थसंकल्पाच्याच दिवशी सभागृहासमोर ठेवलं, सगळ्यांचं लक्ष बजेटच्या भाषणावर. १८ उद्योग सोडून लायसन्स बंद, सरकारसाठी राखीव १७ क्षेत्रांची ८. शिवाय रशियाकडे बघून नियोजन शिकलेल्यांसमोर रशियाच कोसळत होता. विरोध करायचा कुणी आणि कशाच्या जोरावर?

कांदेवाला_निफाड
सगळ्यांचं वाचलं. आता माझं वाचा.

लेथदादा, तुमचं कौतुक आहे, तुमचा कोटा गेला. आमचा नाही गेला. ५५ सालचा जीवनावश्यक वस्तू कायदा अजून जिवंत आहे. तुमच्या आयातीचे अर्ज ज्या यंत्रणेकडे जायचे ती आयात-निर्यात मुख्य नियंत्रकांची, ९१ नंतर तिची पाटी बदलून विदेश व्यापार महासंचालनालय झाली, बरोबर? 'नियंत्रक' जाऊन 'व्यापार वाढवणारे' झाले म्हणे. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री कांदा निर्यातबंदीची अधिसूचना त्याच महासंचालनालयाची. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावून झालेलं. बंदी उठली मे २०२४ ला, निवडणुकीच्या धामधुमीत, तीसुद्धा टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं एप्रिल २०२५ ला.

बंदीच्या दुसऱ्या दिवशी बाजार समितीत काय असतं ते बघायला या. ट्रॅक्टर रात्रीच येऊन लागलेले असतात. सकाळी व्यापारी येतात, पहिल्या ट्रॉलीपाशी उभे राहतात, मुठीत कांदा घेऊन दाबून बघतात, आणि कालच्यापेक्षा क्विंटलला हजार-बाराशेनं कमी बोली बोलतात. कुणीतरी ओरडतो, लिलाव बंद. मग घोषणा, रास्ता रोको, आणि चार वाजता तोच कांदा त्याच भावात जातो कारण लाल कांदा घरी नेऊन ठेवता येत नाही, तो उन्हाळ कांदा नव्हे, चाळीत सडतो.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी ९१ ला खुल्या बाजाराच्या बाजूने बोलले तेव्हा डाव्या-उजव्या दोन्हीकडच्यांनी त्यांना शिव्या घातल्या. ते म्हणत होते शेतकऱ्याला सूट नको, सुटका द्या. कारखानदाराला सुटका मिळाली. आमच्या बाबतीत सासूबाईंनी सुनेला घराच्या किल्ल्या दिल्या पण फडताळाची कनवटीलाच ठेवली.

आगाऊ_कार्टा
निफाडकरांना दंडवत. फडताळाची किल्ली 😂

भोसरीचा_लेथ
भाऊ, खतावरची सबसिडी मात्र फडताळातूनच येते ना? २४ जुलैच्या बजेटात खत ४० टक्के महाग केलं होतं, तुमच्याच खासदारांनी दंगा करून ३० वर आणलं, लहान शेतकऱ्याला तेवढीही वाढ नाही. सुटका पाहिजे तर दोन्हीकडून घ्या.

कांदेवाला_निफाड
घेतो की. निर्यातबंदी कायमची काढा, खताची सबसिडी उद्या बंद करा, सही कुठं करू सांगा. पण सबसिडी बंद करतो म्हणणारे निर्यात मोकळी करायचं नाव काढत नाहीत आणि शहरात कांदा साठ रुपये झाला की टीव्हीवर गृहिणींचं बजेट कोलमडतं. मोबाईलचा रिचार्ज वाढला तर कोलमडत नाही.

ताराकाकू_ऑकलंड
निफाडचे भाऊ म्हणतात ते इथे प्रत्यक्षात झालंय म्हणून लिहिते. न्यूझीलंडमध्ये १९८४ च्या जुलैत अचानक निवडणूक, तोंडावर चलनाचं संकट, नवीन लेबर सरकारने आल्या आल्या डॉलर २० टक्क्यांनी खाली आणला. अर्थमंत्री रॉजर डग्लस. लेबर म्हणजे कामगारांचा पक्ष हं, आणि त्यांनीच शेतीच्या सबसिड्या उडवल्या. इथले मेंढपाळ शेतकरी अजून ती वर्षं विसरलेले नाहीत, जमिनींचे भाव पडले, काहींनी शेती विकली, पण बहुतेक टिकले आणि आता कुणी सबसिडी परत मागत नाही. मात्र शहरातल्यांना लँब महाग पडतं म्हणून निर्यात बंद केली असं इथे होत नाही. लँब इथेही महागच आहे बाई, आम्ही चिकनवर भागवतो.

पण विहंगच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे. सरकारने ८९ ला एअर न्यूझीलंड विकली, २००१ ला ती बुडायला लागली तेव्हा सरकारनेच परत घेतली. रेल्वे ९३ ला विकली, २००८ ला परत विकत घेतली, आता किवीरेल म्हणतात. पोस्टाची बँक ८९ ला विकली आणि २००२ ला पोस्टातच नवी सरकारी किवीबँक काढली, माझं खातं तिथेच आहे. परत न फिरलेल्या गोष्टी म्हणजे शेतीच्या सबसिड्या आणि ८९ च्या रिझर्व्ह बँक कायद्यातलं तत्त्व, महागाईचं लक्ष्य ठरवून द्यायचं आणि मग मंत्र्याने ढवळाढवळ करायची नाही. म्हणजे विकलेल्या वस्तू परत आल्या, बदललेले नियम राहिले.

रोखेबाज
काकू, शेवटचं वाक्य फार आवडलं. आपल्याकडे एअर इंडिया उलट्या दिशेने गेली, टाटांकडून ५३ ला घेतली आणि जानेवारी २०२२ ला टाटांना परत. पण त्याला ९१ नंतर तीस वर्षं लागली हे कुणी बोलत नाही. निर्गुंतवणूक म्हणून बरीच वर्षं काय चाललं होतं तर एका सरकारी कंपनीचे शेअर दुसऱ्या सरकारी कंपनीने घ्यायचे, नाहीतर एलआयसी आहेच.

कोकणकडा
लेथदादा म्हणतात परवानगीचा हक्क कुणाकडे ते बघा. मी म्हणतो जोखीम कुणाच्या डोक्यावर ते बघा. मी गुहागर तालुक्यातला. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होईल असं वाटलं होतं का?

सुधारणांचं पहिलं मोठं बाळ ते. जून ९२ ला सामंजस्य करार, डिसेंबर ९३ ला वीज खरेदी करार. सरकारकडे वीज प्रकल्पाला पैसे नाहीत, खाजगी येऊ द्या, सरकार मागं सरेल. आणि कागदावर काय होतं? वीज घ्या नाहीतर नका घेऊ, क्षमतेचा आकार भरायचाच. हिशोब डॉलरशी बांधलेला, रुपया पडला की बिल चढणार. वीज मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. म्हणजे कारखाना कंपनीचा, नफा कंपनीचा, आणि बुडालं तर दिल्लीची तिजोरी. ९५ ला सत्तेवर येण्याआधी विरोधकांकडून समुद्रात बुडवायची भाषा झाली, करार रद्दही झाला, मग पुन्हा बोलणी होऊन दोन्ही टप्पे मान्य. ९९ ला वीज सुरू, २००१ च्या सुरुवातीला कंपनी खरंच ती प्रतिहमी वटवायला गेली, मे महिन्यात प्रकल्प बंद. पुढे २००५ ला रत्नागिरी गॅस नावाची कंपनी काढून एनटीपीसी आणि गेलच्या गळ्यात, दोन्ही सरकारी.

लहानपणी आम्हाला सांगायचे की सरकार वीज विकायचं बंद करणार. ते जामीनदार झालं.

निवांत_पेन्शनर
कोकणकडा, 'जामीनदार' बरोबर पकडलंत. फक्त एक जोडतो. हमी ही गोष्ट बजेटात खर्च म्हणून दिसत नाही. म्हणून वित्त विभागात ती सगळ्यांना प्रिय. खर्चाची फाइल चार टेबलांवर अडायची, हमीची फाइल पळायची.

रोखेबाज
आणि जामीन फक्त विजेला नाही. युनिट ट्रस्टची यूएस-६४ बचत योजना आठवतंय का? २००१ ला युनिट ट्रस्टने खरेदी-विक्री गोठवली तेव्हा घराघरात रडारड झाली, निवृत्त लोकांनी फंडाचे पैसे तिथे टाकलेले, शेवटी भार केंद्राने उचलला. २०१७ ला सरकारी बँकांना २.११ लाख कोटी भांडवल जाहीर झालं ते कशासाठी, तर खाजगी पायाभूत प्रकल्पांना दिलेली कर्जं बुडीत निघाली म्हणून. खाजगी क्षेत्र पुढे आलं हे खरं, पण त्याच्या मागे सरकारी बँक उभी होती.

झेलम_एक्स्प्रेस
शिवाय नियामक. शेअर बाजाराच्या सेबीला ९२ ला कायद्याचे दात मिळाले (हर्षद मेहता त्याच वर्षी, योगायोग म्हणा), दूरसंचारची ट्राय ९७ ला, आपला वीज नियामक आयोग ९९ ला, मग विमा, मग स्पर्धा आयोग. लायसन्सचा कारकून गेला आणि नियामकाची खुर्ची आली, तिच्यावर बसतं कोण? निवृत्त सचिव. काका, तुम्हाला नाही बोललो.

निवांत_पेन्शनर
मला कुणी बोलावलंच नाही हो, नाहीतर बसलो असतो.

आगाऊ_कार्टा
विहंगशेठ, सरकार मागं सरलं का याचं उत्तर माझ्या हातात आहे. डिसेंबर २०२४ ला जीएसटी कौन्सिलने खुलासा केला, तेव्हाचे दर असे, मीठ-मसाल्याचा सुटा पॉपकॉर्न ५ टक्के, पाकीटबंद लेबलवाला १२ टक्के, कॅरॅमलचा १८ टक्के. पॉपकॉर्नच्या चवीत लक्ष घालणारं सरकार मागं सरलंय असं म्हणणाऱ्याला माझ्याकडून एक कॅरॅमल पुडा.

खडूफळा
हसून झालं असेल तर जरा कडू सांगते. तुम्ही सगळे उद्योग, बँक, वीज यावर बोलताय. सरकार जिथून मागं सरलं ती जागा मला रोज दिसते, कारण मी तिथे काम करते.

राज्याने २००० सालापासून शिक्षण सेवक आणले. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३०००, माध्यमिकला ४०००. काम तेच, वह्या त्याच, जनगणना आणि निवडणूक ड्यूटीही तीच. त्या मानधनाचा आकडा पुढे ६००० झाला आणि मग थेट २०२३ ला १६०००. पेन्शनचं तेच, केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. माझ्या शेजारच्या वर्गावरच्या मॅडम माझ्या आधी काही महिने लागल्या, त्यांना आहे, मला नाही. आम्ही एकाच डब्यातून जेवतो. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता.

हे कुठल्याच बजेट भाषणात 'सुधारणा' म्हणून वाजवलं गेलं नाही. ९१ चं मोठ्याने झालं, हे हळूच झालं. सरकारचं काम बदललं का विचारताय, तर सरकार म्हणजे मालक म्हणून जो होता, तो बदलला. आता कंत्राटदार आणून देतो.

रोखेबाज
ताई, राग समजतो, पण पाचव्या वेतन आयोगानंतर राज्यांच्या तिजोऱ्यांची अवस्था बघा. पगार आणि पेन्शन भागवायला कर्ज काढत होते. पैसा येणार कुठून?

खडूफळा
दादा, जामीन राहायला येतो तिथूनच.

भोसरीचा_लेथ
ताईंनी षटकार मारला.

कांदेवाला_निफाड
खडूफळा ताई +१००

विहंग_ठाणे (धागाकर्ता)
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न. रोजगार हमी कुठे बसवायची? ७२ च्या दुष्काळात आपल्याकडे सुरू झाली, वि. स. पागेंची कल्पना, कायदा ७७ चा, आणि २००५ ला तीच देशभर कायद्याने हक्क म्हणून. सरकार मागं सरण्याच्या काळात हे उलटं कसं? माहितीचा अधिकार, शिक्षण हक्क, अन्न सुरक्षा सगळं २००५ ते २०१३ मधलं.

निवांत_पेन्शनर
उलटं नाही. कर कुठून आला ते बघा. उद्योग मोकळे झाले, सेवा क्षेत्र वाढलं, २००३ नंतर चांगली वाढ झाली, कर जमला, म्हणून हे हक्क परवडले. ९१ चं सरकार कारखाना चालवायचं आणि भाकरी वाटायला पैसे नसायचे. मात्र आपली रोजगार हमी टंचाईतून आली आणि केंद्राची सुबत्तेतून, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पागेंच्या योजनेसाठी मुंबईतल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जायचा, पे स्लिपवर दिसायचा तो.

मूळ प्रश्नाबद्दल माझं म्हणणं असं की संकटाने जिथे दुखलं तिथेच कापलं गेलं. दुखणं डॉलरचं होतं, म्हणून आयात, परकीय गुंतवणूक, उद्योग, रुपयाचा दर इथे आमूलाग्र बदल. मागोमाग बँका आणि रिझर्व्ह बँक. शेतमाल आणि जमीन यांचा डॉलरशी संबंध नव्हता, तिथे कुणी हात घातला नाही. शहरी कमाल जमीन धारणा कायदा ७६ चा, केंद्राने ९९ ला रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ ला, तोही केंद्राच्या शहरांसाठीच्या नेहरू अभियानाचे पैसे अडले म्हणून. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत कुणाच्या जमिनी कशा सुटल्या यावर मी नोकरीत असताना बोललो नाही, आता इथेही बोलणार नाही.

झेलम_एक्स्प्रेस
काका, बोलाच. नवा धागा काढा.

कांदेवाला_निफाड
पेन्शनर काकांचं पटलं पण एक विचारतो. २०२० ला कोविडचं संकट होतं, त्यात जूनमध्ये अध्यादेश काढून शेतीचे तीन कायदे आणले, साठ्याची मर्यादा जवळपास काढली, बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक दिली. त्याच सप्टेंबरात कांदा निर्यात बंद! आणि वर्षभराने तिन्ही कायदे मागे. संकट होतं, कागद तयार होते, मग ते का टिकलं नाही?

संपादक मंडळ
तीन कृषी कायद्यांवर याआधीचे धागे कसे संपले ते सर्वांना आठवत असेल. विषय आर्थिक अंगाने ठेवावा. व्यक्तिगत शेरे असलेले चार प्रतिसाद उडवले आहेत.

आगाऊ_कार्टा
चार उडवले, त्यातला एक माझा. मी फक्त पॉपकॉर्नला एमएसपी मागितली होती.

रोखेबाज
निफाडकर, आर्थिक अंगानेच सांगतो. ९१ ला ज्यांचं नुकसान होणार होतं ते कारखानदार मोजके होते, ९३ ला त्यांचा बॉम्बे क्लब जमला, निवेदनं दिली, संपलं. २०२० ला पंजाबातला प्रत्येक गहू-तांदूळवाला शेतकरी हमीभावाच्या सरकारी खरेदीवर उभा होता, त्याला सरकार मागं सरायला नकोच होतं. तुम्हाला सरकार नको, त्याला हवं. दोघंही शेतकरीच.

कांदेवाला_निफाड
त्याची खरेदी सरकार करतं म्हणून त्याला हवं. आमच्याकडे सरकार येतं ते भाव पाडायला. नाफेडमार्फत घेतात तोही बफर, भाव चढला की शहरात ओतायला. एकदा पंजाबवाल्याला आमची अधिसूचना द्या आणि आम्हाला त्याची खरेदी, मग बघू कोण काय म्हणतं.

ताराकाकू_ऑकलंड
इथे किलोला तीन-चार डॉलर पडतो बरं कांदा कधीकधी. पाठवा हो भाऊ, बंदी नसेल तेव्हा.

कांदेवाला_निफाड
काकू, पाठवतो. कंटेनर बंदरात पोचेपर्यंत अधिसूचना येऊ नये एवढं बघा.